दाराच्या चौकटीवर मातीची रेघ चढलीय. वाळवी असेल का? काय करावं?

बहुतेक वाळवीच. नेरुळला आमच्या तळमजल्यावरच्या घरात बाथरूमच्या चौकटीवर अशीच पेन्सिलीएवढी रेघ होती. नखाने थोडी फोडा. आत पांढुरके किडे वळवळले तर नक्की. रिकामी निघाली तरी निर्धास्त होऊ नका, चौकट ठोकून पोकळ वाजते का बघा. पावसाच्या सुरुवातीला ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडला असेल तर तोही बहुधा वाळवीचाच.

रेघ पुसून रॉकेल मारू नका (मी मारलं, आठवड्यात शेजारी दुसरी!). वारूळ जमिनीत असतं. भिंत-फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडणारा पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. जवळपास नळाची गळती असेल तर त्याआधी प्लंबर, कारण ओल राहिली तर वाळवी परत येणारच.