कान देऊन : आधी बेसचा माग धरा

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर जॉय डिव्हिजन आणि द क्युअर ऐकत असते. तिच्या खोलीतून येणारं ऐकता ऐकता मलाही गोडी लागली. याला पोस्ट-पंक म्हणतात, एवढं तिने सांगितलं. त्याच काळातले, तितक्याच ताकदीचे, पण फारसे कुणाला माहीत नसलेले बँड सांगाल का? तिच्या वाढदिवसाला तिने न ऐकलेलं काहीतरी द्यायचं आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्राने मला थेट रत्नागिरीच्या घराच्या पडवीत नेऊन बसवलं. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत होता. १९८६ च्या पावसाळ्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा रॉटरडॅममध्ये घेतलेली एक कॅसेट त्याने माझ्या हातात ठेवली. बँडचं नाव ‘द साउंड’, अल्बमचं ‘हेड्स अँड हार्ट्स’. मी नववीत होतो. वीज दिवस दिवस नसायची, सेल संपत आले की आई ते चुलीच्या वैलाजवळ ठेवायची आणि मग आणखी दोन-तीन गाणी निघायची. इंग्रजी गाण्यातला एक शब्द समजत नव्हता. पण कौलांवर पाऊस कोसळत असतानाही त्या आवाजातून एक गोष्ट बरोबर कानाशी येत होती, ती म्हणजे बेस गिटार, जाड तारांची, खालचे सूर वाजवणारी. पुढे मी नाटकांच्या ध्वनीचं काम धरलं, त्याची सुरुवात त्या पडवीत झाली असं मी मानतो.

तेव्हा वाढदिवसाला ‘द साउंड’च द्या. मात्र अल्बम १९८१ चा द्या, ‘फ्रॉम द लायन्स माउथ’.

आधी थोडं त्या काळाबद्दल. १९७६-७७ मध्ये लंडनच्या पंकवाल्यांनी दाखवून दिलं की गाणं करायला उस्तादी लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. त्यानंतरच्या पोरांनी ही मोकळीक घेतली, पण तेच तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) पुन्हा पुन्हा झोडपायचं नाकारलं. गिटार दोन पावलं मागे गेली, गाण्याची चाल बेसने उचलली, ड्रम कोरडे झाले आणि मधल्या जागेत शांतता शिरली. मँचेस्टर, शेफील्ड, लीड्स, कार्डिफ अशा ठिकाणी १९७८ ते ८४ च्या दरम्यान हे जोरात चाललं होतं.

‘द साउंड’ लंडनचे. एड्रियन बोर्लंड गायचा आणि गिटार वाजवायचा, बेसवर ग्रॅहॅम बेली, ड्रमवर माइक डडली. पहिला अल्बम ‘जेपर्डी’ १९८० चा. त्याचं पहिलंच गाणं आधी तुम्ही स्वतः ऐका. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. बेस आणि ड्रम मोजून मापून चालतात, गिटार मधूनच एखादा तुकडा टाकते आणि गप्प होते. बोर्लंड अगदी खालच्या पट्टीत, स्वतःशी बोलावं तसा गातो. स्वतःपासून सुटका नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. मग ध्रुवपदाला गिटार एकदम अंगावर येते. आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा तीच शांतता. पण आता ती पहिल्यासारखी वाटत नाही, कारण आत काय कोंडलंय ते आपल्याला कळलेलं असतं. नाटकात लेखक दोन अंकांत जे करतो, ते या माणसांनी एका गाण्यात केलं आहे.

‘फ्रॉम द लायन्स माउथ’मध्ये कीबोर्डवर कॉल्व्हिन मेयर्स आला आणि सगळं उंच, मोकळं झालं. मुखपृष्ठावर बायबलमधल्या, सिंहांच्या गुहेतल्या दानिएलचं चित्र आहे. पहिल्या गाण्यात एक माणूस बुडता बुडता हातपाय मारायला लागतो. या संगीताला लोक उदास म्हणतात, त्यांना मी हे गाणं ऐकवतो.

इतके चांगले होते तर मागे का पडले, हा प्रश्न तुमच्या मुलीला पडेलच. त्यांची रेकॉर्ड कंपनी होती कोरोव्हा. एको अँड द बनीमेन हा बँडही तिथलाच, आणि सगळं लक्ष त्यांच्यावर. कंपनीला विकायला सोपी गाणी हवी होती. ‘द साउंड’ने उलट १९८२ मध्ये ‘ऑल फॉल डाउन’ हा आणखी कठीण अल्बम हातात ठेवला आणि तिथे ते नातं संपलं. इंग्लंडने पाठ फिरवली तरी नेदरलँड्समध्ये त्यांच्यावर मनापासून प्रेम करणारे लोक होते. म्हणूनच एका कोकणी खलाशाला ती कॅसेट रॉटरडॅममध्ये मिळाली, हे मला फार नंतर उमगलं. तिथल्या रेडिओसाठी झालेली त्यांची ध्वनिमुद्रणं २००६ मध्ये पाच सीडींमध्ये आली. मैफलीतला त्यांचा दम कळायला तीच ऐकावीत.

एक विनंती. बोर्लंड बरीच वर्षं मानसिक आजाराशी झुंजत होता आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्याच्याबद्दल लिहिणारे बरेचदा तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही तसं करू नका. आधी गाणी ऐकू द्या, तिला काय वाटतं ते बोलू द्या, आणि हा विषय निघाला तर टाळू नका.

तिला हे आवडलं तर पुढे ‘द कमेलियन्स’. मँचेस्टरजवळच्या मिडलटन गावचे. ‘स्क्रिप्ट ऑफ द ब्रिज’ (१९८३) ऐकायचा, तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि सलग. रेज स्मिथीज आणि डेव्ह फील्डिंग यांच्या दोन गिटारी एकमेकींच्या प्रतिध्वनीत अशा गुंततात की कुठली कुणाची, ते सांगता येत नाही. मार्क बर्जेसचा बेस खालून दोघींना सांभाळून नेतो. अमेरिकेत तेव्हा काही गाणी गाळून हा अल्बम काढला होता, म्हणून पूर्ण बारा गाण्यांचाच घ्या.

शेफील्डचे ‘कॉमसॅट एंजल्स’ यांचं ‘स्लीप नो मोर’ (१९८१) रात्री दिवा मालवून ऐकण्यासारखं. यांच्या नावालाच अमेरिकेतल्या कॉमसॅट नावाच्या उपग्रह कंपनीने हरकत घेतली, त्यामुळे तिकडे त्यांना सी. एस. एंजल्स म्हणून जावं लागलं. धड नावही लावता येईना, मग ओळख कुठून होणार?

प्रश्न : कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. सहा महिने झाले. घरचे म्हणतात, तुझं काही ऐकूच येत नाही. बँडमधले म्हणतात, तू फक्त कॉर्डचा मूळ सूर धरून ठेव. बेसवाल्याने नेमकं काय करायचं असतं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घरचे रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकतात का, ते आधी बघा. तुमच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. त्यांना चांगले हेडफोन द्या, मग बोलू.

आता तुमचं काम. जॉय डिव्हिजनच्या पीटर हुकने सांगून ठेवलं आहे की त्याचा अँप्लिफायर भिकार होता, बाजूच्या गिटारचा मोठा. स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू यावं म्हणून तो तारांवर वर सरकला, आणि त्यातून ते उंच, गाणारे बेस जन्माला आले. म्हणजे गिटारशी आवाजाने भांडण्यापेक्षा ती जिथे नाही अशी जागा शोधायची.

ही जागा म्हणजे काय, ते शिकायला ‘यंग मार्बल जायंट्स’सारखा दुसरा गुरू मला माहीत नाही. कार्डिफचे तिघे. स्टुअर्ट मॉक्सॅम गिटारवर, त्याचा भाऊ फिलिप बेसवर, गायला ॲलिसन स्टॅटन. ड्रमर नाहीच. त्यांच्या एका चुलतभावाने घरी बनवलेल्या ड्रम मशीनचे ठोके कॅसेटवर भरून घेतले होते. स्टेजवर ती कॅसेट लावायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं. १९८० मध्ये रफ ट्रेड या कंपनीने त्यांचा ‘कलॉसल यूथ’ काढला. त्यानंतर बँड फार टिकला नाही, दुसरा अल्बम आला नाही. पण ‘निर्व्हाणा’ बँडच्या कर्ट कोबेनच्या आवडत्या अल्बमांत हा होता, आणि ‘होल’ या बँडने १९९४ मध्ये यातलं एक गाणं स्वतः गाऊन पुन्हा लोकांसमोर आणलं.

स्टुअर्ट तळव्याने तारा दाबून गिटार वाजवतो, त्यामुळे ती टकटक अशी लाकडावर बोट आपटल्यासारखी लागते. सूर ताणलेला कुठेच नाही. चाल सगळी फिलिपच्या बेसमध्ये. ॲलिसन गाते ती स्वयंपाकघरात काम करताना गुणगुणावं तशी, कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे. नाट्यगृहात प्रेक्षक भरले की वरचे सूर त्यांच्या कपड्यांत जिरतात आणि आम्हाला सगळं नव्याने लावावं लागतं. हा अल्बम ऐकताना मला नेहमी रिकाम्या नाट्यगृहात दुपारी ऐकतोय असं वाटतं, जेव्हा विंगेत पडलेल्या सुतळीचाही आवाज येतो.

तर आठवडाभर एवढंच करा. यातल्या एकेका गाण्यातला बेस आधी तोंडाने गा. गाता आला की मगच गिटार हातात घ्या. आणि फिलिप कुठे थांबतो तिथे वहीत खूण करा. मूळ सूर धरून ठेवायला हरकत नाही, पण तो सोडायचा कधी, ते तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या गॅरेजमध्ये सराव झाला की रात्रभर कानात शिट्टी वाजते. सकाळपर्यंत थांबते. चिंता करावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, करा.

बॉस्टनचा ‘मिशन ऑफ बर्मा’ नावाचा बँड होता. रॉजर मिलर गिटारवर, क्लिंट कॉनली बेसवर, पीटर प्रेस्कॉट ड्रमवर. चौथा मार्टिन स्वोप प्रेक्षकांच्या मागे मिक्सरपाशी बसून चालू वाजवण्याचे तुकडे टेपवर घ्यायचा आणि फिरवून परत त्याच गाण्यात सोडायचा. लोकांना कळायचं नाही हा आवाज येतो कुठून. १९८२ चा त्यांचा ‘व्हर्सेस’ मिळेल तिथून मिळवून ऐका. ते प्रचंड मोठ्या आवाजात वाजवायचे. मिलरच्या कानातली शिट्टी वाढत गेली आणि १९८३ मध्ये, ऐन भरात असताना, त्यांना बँड थांबवावा लागला. पुन्हा एकत्र यायला २००२ उजाडलं. तेव्हा मिलर नेमबाजांचे कानझाप घालून स्टेजवर उभा राहिला आणि ड्रमभोवती पारदर्शक आडोसा लावला होता.

हिशोब सोपा आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात कानाला आठ तास चालतात. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला राहतात १५ मिनिटं. बंद गॅरेजमधले ड्रम आणि दोन अँप १०० सहज ओलांडतात.

मी विशीत असताना लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रांमध्ये स्पीकरच्या भिंतीला डावा कान लावून उभा असायचो. शिट्टी सकाळपर्यंत थांबते म्हणून मीही खूश होतो. आज रत्नागिरीला गेलो आणि रात्री उजव्या कुशीवर झोपलो, की उजवा कान उशीत जातो आणि अंगणातले रातकिडे बंद होतात. कूस बदलली की पुन्हा सुरू. ते रात्रभर ओरडतच असतात.

या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वाजवणाऱ्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे बेस वगैरे नीट कळतो. ते येईपर्यंत साधे फोमचे घाला. ड्रमखाली जाड सतरंजी टाका, अँप जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीवर आणा, आवाज आपोआप कमी ठेवाल. आणि शिट्टी एखाद्या दिवशी दुपारपर्यंत राहिली, तर सराव बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.