व्हॅन गॉगच्या ढंगात स्वतःचं चित्र: भोवरे नंतर, आधी आरसा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइलवरच्या फोटोवरून चेहरा ट्रेस केला, मागे डच चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ या रात्रीच्या आकाशाच्या चित्रासारखे भोवरे काढले, तरी चित्र त्याच्या ढंगाचं वाटत नाही. यवतमाळकडच्या खेड्यात तैलरंग आणि कॅनव्हास मिळत नाही, म्हणून असं होत असेल का, हेही तुम्ही विचारलंय.

साहित्याची काळजी सोडा. व्हॅन गॉगकडे तरी पैसा कुठे होता? 1886 ते 1888 या पॅरिसच्या काळात मॉडेलला द्यायला पैसे नाहीत म्हणून तो स्वतःलाच समोर बसवायचा. त्याची 35 च्या आसपास आत्मचित्रं आहेत, त्यातली बहुतेक याच काळातली. काही तर जुन्या चित्रांच्या पाठीवर केलेली. गवती टोपीतलं 1887 चं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्याच्या मागच्या बाजूला 1885 मध्ये रंगवलेली, बटाटे सोलणारी शेतकरी बाई आहे. तुमचा ऑइल पेस्टलचा डबा आणि पुस्तकांना घालतो तो खाकी कागद एवढ्यावर काम भागतं. उलट खाकी कागद चांगलाच, कारण रेघांच्या मधून तो डोकावतो आणि चेहऱ्याला ऊब देतो.

खरी अडचण फोटोची आहे. सेल्फीत उजेड सपाट होतो, आणि ट्रेस केलं की हाताला फक्त कडा कळतात, गाल कुठे वळतो ते कळत नाही. त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्स गावी 1888 मध्ये मुद्दाम चांगला आरसा विकत घेतला आणि भावाला, थिओला, तसं कळवलं. स्वतःच्या डोक्याचे रंग साधले तर दुसऱ्यांचीही डोकी रंगवता येतील, असा त्याचा हिशेब होता. तुम्हीही ओसरीत, दाराकडे एक गाल करून, सकाळच्या उजेडात आरसा लावून बसा. नाकात फुली डाव्या बाजूला असेल तर चित्रात ती उजव्या नाकपुडीत दिसेल. ती दुरुस्त करू नका. त्यानं स्वतःचा कान कापून घेतला, त्यानंतरच्या जानेवारी 1889 च्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, कापला होता डावा.

आता रेघा. सप्टेंबर 1889 चं, पॅरिसच्या ऑर्से म्युझियममधलं चित्र मोबाइलवर मोठं करून बघा. भोवरे पार्श्वभूमीत आहेत, कोटातही तीच लाट उतरली आहे, पण चेहऱ्यावर एकही भोवरा नाही. तिथे आखूड, विचार करून मारलेले फटकारे आहेत आणि प्रत्येक फटकारा हाडाच्या वळणानं जातो. नाकाच्या दांडीवर वरून खाली, गालावर नाकाकडून कानाकडे वळत, कपाळावर आडवे, दाढीत केसांच्या दिशेनं. हीच या ढंगाची जान आहे. म्हणून रंग हातात घेण्याआधी डोळे मिटून बोटानं स्वतःचा गाल चाचपा. बोट जसं वळतं तशीच रेघ ओढा. बोटानं पेस्टल घोटून गुळगुळीत करायची शाळेतली सवय इथे अजिबात नको. रेघ रेघच दिसली पाहिजे.

रंगाचं तर आपल्याकडे भाग्यच आहे. डब्यातल्या त्या फिकट गुलाबी कांडीला हात लावू नका, ती आपल्यापैकी कुणाचीच कातडी नाही. सावळ्या गालावर ऊन पडलं की तिथे गेरू, नारिंगी, थोडा पिवळा दिसतो. सावलीच्या बाजूला जांभळा येतो, अंगणात कडुनिंब असेल तर हिरवाही चढतो. जसा दिसला तसा, वेगळ्या रेघेनं लावा. काळा जवळपास नकोच. केसांत गडद निळा आणि गडद तपकिरी शेजारी शेजारी ठेवा. त्याची तांबूस दाढी त्या फिक्या निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीवर पेटून उठते, कारण निळा आणि नारिंगी एकमेकांना चढवतात. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा या जोड्याही तशाच. रंग कसे जुळतात ते बघायला तो लोकरीचे वेगवेगळे धागे एकत्र गुंडाळून ठेवायचा. त्याची ती लोकरीची पेटी अजून आहे. तुम्ही ब्लाउजपीसच्या चिंध्या जवळ धरून बघा, दुकानातला रंगांचा तक्ता लागणार नाही.

पार्श्वभूमीला ‘स्टारी नाइट’ घ्यायचंच कशाला? ते जून 1889 चं, त्याच्या खिडकीपलीकडचं आकाश आहे. तुमच्या दारातून दिसतं ते कपाशीचं वावर घ्या. तासांच्या, म्हणजे पिकाच्या ओळींच्या, रेघा धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जातात, त्याच रेघा तुमच्या खांद्यामागून वर चढू द्या, काळ्या मातीत निळा-जांभळा मिसळून. फाल्गुनात करत असाल तर पळसाचा नारिंगी आहेच, तो निळ्या ओढणीला फार खुलवेल. एक मात्र सांभाळा: मागच्या रेघा चेहऱ्यापेक्षा लांब आणि रंगानं एकाच घरातल्या असू द्या, नाहीतर नजर चेहऱ्यावर टिकत नाही.

पोस्टर कलर वापरणार असाल तर तो जाड थापू नका, वाळला की तडकतो. जाडी हवीच असेल तर ॲक्रिलिक घ्या, पाणी न घालता. आणि ऑइल पेस्टल पुरतं वाळत नाही, तेव्हा झालेल्या चित्रावर बटर पेपर घाला आणि एप्रिल-मेमध्ये ते टिनाच्या छपराखाली ठेवू नका, आतल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा.