आईने पिशवी बदलली

ताई,

माझी आई ६७ वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी मोठ्या आतड्यातल्या गाठीने आतडं पूर्ण अडलं, तातडीचं ऑपरेशन झालं आणि पोटावर स्टोमा करावा लागला, म्हणजे आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून त्यावर मळाची पिशवी लावली. आजार यकृतात पसरलाय, चौथी स्टेज आहे. दर दोन आठवड्यांनी केमो, मग कमरेला पंप लावून घरी पाठवतात. आठ सायकल झाल्या. मी बिनपगारी रजा घेतली आहे. औषधं, पिशवी, फाइल, डॉक्टरांशी बोलणं, सगळं मीच बघते. आईला कशाचीही तोशीस लागू देत नाही. पिशव्यांचा डबासुद्धा कपाटाच्या वरच्या फळीवर नीट लावून ठेवलाय. भाऊ दुसऱ्या शहरात, तो फोनवरून सल्ले देतो. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या टीमला भेटायला सुचवलं, मी स्पष्ट नाही म्हटलं. आम्ही इतक्यात हार मानणार नाही. पण आई दिवसेंदिवस गप्प होत चालली आहे. विणकाम म्हणजे तिचा जीव की प्राण, तेही सोडलं, मन लागत नाही म्हणते. मागच्या आठवड्यात मी दोन तास बाहेर गेले, तेवढ्यात तिला पिशवी एकटीने बदलावी लागली. मला इतकं अपराधी वाटलं की मी तिची माफी मागितली. परवा ती म्हणाली, ‘पुरे आता.’ पुढच्या सायकलसाठी तिला कसं तयार करू?

— एक थकलेली मुलगी (वय ४१)

*

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळले. ‘बदलावी लागली.’

‘लागली’ का गं? ‘आईने पिशवी एकटीने बदलली’ असं का नाही लिहिलंस?

त्या दोन तासांत तुझ्या आईने काय काय केलं असेल, ते एकदा सावकाश डोळ्यांसमोर आण. पिशवीची पोटाला चिकटलेली जुनी चकती कातडी ओढली न जाता कडेकडेने सोडवली. भोवतालची त्वचा पाण्याने धुतली, पूर्ण कोरडी केली, कारण जरा ओल राहिली तर नवी चकती धरत नाही. स्टोमाच्या मापाचं, पण दोन-तीन मिलिमीटर सैल भोक कापलं. आणि हे चालू असताना स्टोमा कुठल्याही क्षणी वाहू शकतो, कारण तिथे थोपवून धरणारा स्नायूच नसतो. स्टोमाला हात लागला तर दुखत नाही, त्यात वेदनेच्या नसा नसतात. पण आपल्याच आतड्याचं ते लाल, ओलं टोक समोर बघायचं आणि त्यावर माप धरायचं, याला काळीज लागतं. कितीतरी जण पहिले काही आठवडे तिकडे बघतही नाहीत. म्हणूनच स्टोमा नर्स रुग्णाला घरी सोडण्याआधी, शक्य असेल तर, त्याच्याच हातून पिशवी बदलून घेतात. तुझ्या घरी हे व्हायला सहा महिने लागले, कारण प्रत्येक वेळी तू आधीच पुढे झालेली असायचीस.

ती पिशवी गळल्याचं तू लिहिलेलं नाहीस. गळली असती तर नक्की लिहिलं असतंस. म्हणजे ती टिकली. आणि एवढं सगळं करून बसलेल्या बाईला तू दारातून आत येऊन काय म्हणालीस? ‘सॉरी.’

मला तुझा राग आला आहे. तुझे कष्ट खोटे आहेत म्हणून नव्हे. सहा महिने रात्रीची झोप, पगार, स्वतःचं आयुष्य बाजूला ठेवणं काय असतं ते मला समजतं. राग याचा आला की तुझ्या एवढ्या लांब पत्रात तुझ्या आईने स्वतःहून केलेल्या दोनच गोष्टी आहेत. एक, तिने पिशवी बदलली. दोन, ती ‘पुरे’ म्हणाली. पहिलीबद्दल तू तिची माफी मागितलीस आणि दुसरी तिच्या तोंडून परत कशी घ्यायची, हे मला विचारते आहेस.

ते मी सांगणार नाही.

त्याऐवजी तिच्या हातांबद्दल बोलते. दर दोन आठवड्यांनी केमो आणि मग कमरेला पंप, म्हणजे त्या पंपातून साधारण ४६ तास फ्लुरोयुरॅसिल हे केमोचं औषध जात असणार. त्याच्या जोडीला बहुतेक वेळा ऑक्सॅलिप्लॅटिन असतं, काही वेळा इरिनोटेकॅन. तुझ्याकडच्या फाइलमध्ये बघ. ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर डोसनंतर पहिले काही दिवस थंड वस्तूला हात लावला, थंड घोट घेतला की बोटांत, ओठांत, घशात झिणझिण्या येतात. हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी गोष्ट मात्र हळूहळू साठत जाते. सायकली वाढतात तसा बोटांचा आणि तळव्यांचा बधिरपणा दोन डोसांच्या मधल्या दिवसांतही जाईनासा होतो. बटण लागत नाही. सुई बोटांतून निसटते. सही वेडीवाकडी होते.

आता परत वाच तू काय लिहिलं आहेस ते. विणकाम तिचा जीव की प्राण, तेही सोडलं, मन लागत नाही म्हणते.

अगं, मन की बोटं?

तू एवढी धावते आहेस हे ती रोज बघते. त्यात ‘मला सुई धरता येत नाही’ असं म्हटलं तर तू आणखी एक तक्ता करशील, आणखी एक काम अंगावर घेशील. म्हणून तिने मनावर ढकललं असेल. आया असंच करतात. आणि खरंच बोटं बधिर असतील तर त्याच बोटांनी तिने त्या दिवशी कात्री धरली, तो नाजूक गोल कापला. हे वाचताना माझ्या घशाशी आलं.

डॉक्टर प्रत्येक भेटीत विचारतात, हातापायांना मुंग्या येतात का, बटणं लावता येतात का. तुमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर कोण देतं? तूच लिहिलं आहेस की डॉक्टरांशी तू बोलतेस. ‘ठीक आहे, थोडा अशक्तपणा आहे’ असं तू प्रेमानेच सांगत असशील. पण हे उत्तर चुकलं तर ते महाग पडतं. बधिरपणा वेळेत कळला तर डॉक्टर त्या एका औषधाचा डोस कमी करू शकतात, किंवा ते थांबवून बाकीचे उपचार चालू ठेवू शकतात. बरेचदा तसं करतातही. कळला नाही तर औषध बंद केल्यावरही तो पुढे काही महिने वाढत राहू शकतो आणि काहींच्या हातापायांत वर्षानुवर्षं राहतो. तुझ्या आईचे हात विणणारे आहेत.

म्हणजे ‘पुरे’ हा शब्द कशाला आहे, हे तुला आज माहीतच नाही. कदाचित त्या एकाच औषधाला असेल. ते दोन दिवस कमरेला लटकणाऱ्या पंपाला असेल, सायकलींमध्ये थोडी सुट्टी हवी असेल, आणि अशी सुट्टी काही रुग्णांना विचारपूर्वक दिलीही जाते. तू तिला काहीच करू देत नाहीस त्याला असेल. किंवा सगळ्यालाच असेल, आणि तसं असेल तर तेही ऐकून घ्यावं लागेल. पण तू तिला विचारलं नाहीस. तू थेट तिला ‘तयार’ करायला निघालीस.

आणखी एक विचारते. ही केमो कशासाठी चालली आहे, हे तिला कुणी सरळ शब्दांत सांगितलं आहे का? यकृतात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात काही मोजक्या रुग्णांच्या यकृतातल्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात आणि त्यातले काही बरेही होतात. बाकी बहुतेकांसाठी केमो आजार आटोक्यात ठेवते, त्रास कमी करते, वेळ देते. तुझी आई यांपैकी कुठे आहे, हे तिला माहीत असायला हवं. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. केमो घेणाऱ्या, आजार पसरलेल्या सुमारे १,२०० रुग्णांना त्यात विचारलं होतं की या केमोने तुमचा आजार बरा होईल असं वाटतं का. आतड्याच्या कर्करोगाच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांतून दिसलं की केमोने बरं होण्याची शक्यता नाही, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. एवढी माणसं आपल्याच शिरेत काय आणि कशासाठी जातंय हे न कळता त्या खुर्चीत बसत होती. तुझ्या आईला ते ठाऊक नसेल तर तिच्या ‘पुरे’ला अर्थ नाही, आणि तुझ्या ‘चालू ठेवू’लाही नाही.

पॅलिएटिव्ह केअरला तू तिच्या वतीने नाही म्हणालीस. त्याला तू हार म्हणतेस. २०१० साली बॉस्टनमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम भेटत होती, त्यांचे दिवस जास्त सुखात गेले, निराशा कमी राहिली, आणि ते इतरांपेक्षा साधारण अडीच महिन्यांहून जास्त जगलेही. आजार वेगळा होता, पण मुद्दा तोच आहे. ही टीम केमोच्या जोडीने काम करते. दुखणं, मळमळ, बोटांची आग, झोप, आणि कुणाशीच न बोलता येणारी भीती, हे त्यांचं रोजचं काम आहे. नाही म्हणायचं असेल तर आईने म्हणावं. भेटून झाल्यावर.

आता तू म्हणशील, मग मी करू तरी काय, हात बांधून बसू? नाही. काही गोष्टींवर नजर तूच ठेवायची. केमोच्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोहोचला की मध्यरात्र असली तरी लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर संसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. पोटात कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि पिशवीत काहीच येत नाही, तेव्हाही तसंच. जुलाब थांबत नसतील तेव्हाही. हे तिच्यावर सोडू नकोस. आजारी माणूस रात्री म्हणतो, ‘राहू दे, उद्या बघू.’ त्या वेळी तुझा हट्ट कामाचा आहे.

भावाबद्दल तू चिडली आहेस ते बरोबर आहे, पण त्यात मला आज वेळ घालवायचा नाही. त्याला एक काम दे. आईच्या गाठीची लिंच सिंड्रोमसाठी तपासणी झाली आहे का, हे तो फोनवरून डॉक्टरांना विचारू शकतो. आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा तो दोष अनुवांशिक असतो, आणि तो असेल तर तुम्हा भावंडांची तपासणी लवकर आणि वारंवार करावी लागते. नसला तरी ज्यांच्या आईला किंवा वडिलांना हा आजार झाला त्यांनी ४०व्या वर्षापासून कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीचं बघावं, असं अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात. तू ४१ची आहेस. तुझ्या पत्रात तुझ्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही.

बाकी सगळं बाजूला ठेवून मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. आज आईजवळ बस आणि तिला म्हण, ‘त्या दिवशी पिशवी कशी बदललीस, मला दाखव.’ माफी मागू नकोस. ‘पुढच्या वेळी मी असेन’ असं म्हणू नकोस. पिशवी बदलायची वेळ आली की तू शेजारी बस, हात स्वतःच्या मांडीवर ठेव आणि बघ. ती चुकली तरी गप्प राहा. वीस मिनिटं लागली, चाळीस लागली, लागू देत. तिची बोटं तुला तेव्हा दिसतील. कात्री कुठे अडते, चकतीमागचा कागद सुटायला किती वेळ लागतो, सगळं दिसेल. आधीच भोक कापलेल्या पिशव्याही मिळतात. कापणं खरंच जमत नसेल तर स्टोमा नर्सला त्या मागायच्या. मागायच्या आईने.

आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर तिला बसव, फाइल तिच्या मांडीवर दे आणि तू मागे बस. डॉक्टरांनी काही विचारलं आणि ती गप्प राहिली, तर तूही गप्प राहा. ती बोलेल. आपल्यासाठी दुसरं कुणी बोलणार नाही हे कळायला तिला थोडा वेळ लागेल, इतकंच. ‘पुरे’ काय आहे ते तिथे तिच्या तोंडून येऊ दे.

अजून एक राहिलं. पिशव्यांचा डबा वरच्या फळीवर आहे, असं तू लिहिलं आहेस. त्या दिवशी घरात तू नव्हतीस. आठ केमो झालेली, तळवे बधिर असतील अशी ६७ वर्षांची बाई त्या फळीपर्यंत कशी पोहोचली असेल? स्टुलावर चढली?

तो डबा आत्ता उठून खाली आण. तिच्या पलंगाशेजारी, हाताला येईल असा ठेव. मग मला लिही.