समुद्राचा फोटो आणि रखडणारं पान

प्रश्न : गुहागरला आमचा होमस्टे आहे. वेबसाइट घरी पटकन उघडते, पण पाहुणे म्हणतात, मोबाइलवर रखडते. कुणाचं खरं?

उत्तर : पाहुण्यांचं. तुमच्या ब्राउझरने फोटो आधीच साठवून ठेवलेले असतात. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साइटवर तुमचा पत्ता टाका आणि ‘मोबाइल’चा निकाल बघा. गुणांच्या मागे लागू नका. एलसीपी, म्हणजे पहिल्या पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा. बहुधा अडतं ते वरच्या समुद्राच्या फोटोपाशी, कॅमेऱ्यातून थेट चढवलेल्या, ५ एमबीच्या. रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा, २०० केबीच्या आसपास येईल. त्याला लेझी लोडिंग, म्हणजे पान तिथवर सरकवल्यावरच फोटो आणणं, मात्र नको, उलट उशीर होतो. ते खालच्या फोटोंना लावा. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो उशिरा येऊन मजकूर ढकलतो आणि बुकिंगचं बटण ऐन बोटाखालून सरकतं.