बार थोडा उतरवला तर?

प्रश्न : माझी रायफल .30-06. काडतुसं मी स्वतःच भरतो. 180 ग्रेनची गोळी आणि मॅन्युअलमधला कमाल बार, म्हणजे त्यात दिलेलं पावडरीचं सर्वांत जास्त वजन. थंडीत सगळं ठीक होतं. परवा भर दुपारी मात्र बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उचलायला जोर लावावा लागला. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पावडर पेटवणाऱ्या टोप्या, ठीक दिसतात. बार उतरवला तर वेग सेकंदाला शंभरेक फुटांनी घटेल. हरणाला तेवढं पुरेल का? आणि भरून ठेवलेल्या काडतुसांचं काय करू?

उत्तर : प्रायमर ठीक दिसतात, यावर विसंबू नका. नरम प्रायमर बेताच्या दाबालाही चपटा होतो आणि कडक प्रायमर दाब पार हाताबाहेर गेला तरी काही सांगत नाही. जड झालेला बोल्ट अधिक खरं बोलतो. पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीचं, बूड उजेडात तिरपं धरून बघा. इजेक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाएवढा चकचकीत ठसा दिसला, तर पितळ त्या भोकात दाबलं गेलंय. नवा प्रायमर बसवताना हाताला अडकाव लागला नाही, तर ती पुंगळी गेली. कारण बहुधा ऊन. बऱ्याच पावडरींचा दाब तापल्यावर चढतो, आणि तुमच्या बारात त्याला जागाच उरलेली नाही.

आता तुमचे शंभर फूट. 200 यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी पडेल अशी लावलेली रायफल सेकंदाला 2700 ऐवजी 2600 फुटांनी मारलीत, तर 300 यार्डांवर गोळी सुमारे एक इंच जास्त खाली बसते. वेगाचंच बोलायचं तर हलका बार 300 यार्डांवर जे करतो, ते भारी बार 350च्या आसपास करतो. हरणाला हा फरक कळत नाही. तुमच्या खांद्याला कळतो. धक्का सोसायला खांदा आधीच आवळला, की चाप झटक्यात ओढला जातो आणि गोळी एका इंचाने नाही, वीतभर चुकते. शिवाय दुसरी गोळी हवी असताना बोल्ट अडला तर त्या शंभर फुटांचं काय लोणचं घालणार?

मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या बारापासून पुन्हा चढत या आणि कमालच्या अलीकडे, गट जिथे आवळून येतो, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या अगदी जवळ बसतात, तिथे थांबा. पुंगळ्याही जास्त वेळा भरता येतील. पण सुरुवातीच्या बाराच्याही खाली मनाने उतरू नका. संथ जळणारी पावडर अर्ध्या रिकाम्या पुंगळीत कधी उशिरा पेटते, कधी दाब भलताच उसळतो. गोळी, पुंगळी किंवा प्रायमरचा मेक बदलला, तरी पुन्हा खालूनच सुरुवात.

भरलेली काडतुसं थंडीसाठी राखून ठेवायचा मोह होईल. नको. पुलरने (भरलेल्या काडतुसातून गोळी उपसायच्या अवजाराने) गोळ्या काढा. गोळ्या आणि धड असलेल्या पुंगळ्या वापरता येतील. पावडर मात्र डब्यात परत ओतू नका, टाकून द्या.