वाचकांचे प्रश्न : जुन्या कस्टम गाडीची उंची उतरवताना

प्रश्न : माझ्याकडे १९५० सालची मर्क्युरी (फोर्ड कंपनीची अमेरिकन मोटारगाडी) आहे. जुन्या कस्टम पद्धतीप्रमाणे ती पुढून तीन आणि मागून चार इंच खाली घ्यायची आहे. पुढच्या स्प्रिंगा गॅसच्या ज्योतीने तापवल्या की खाली बसतात आणि मागे पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) ठोकळे घातले की काम भागते, असे एका कारागिराने सांगितले. हा मार्ग योग्य आहे का?

उत्तर : स्प्रिंगा तापवू नयेत, हे प्रथम निक्षून सांगतो. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी देऊन आणि पुन्हा ठरावीक उष्णतेवर नरम करून लवचीकपणा आणलेला असतो. लाल होईपर्यंत तापवलेल्या भागात तो उरत नाही, त्यामुळे गाडी आज हवी तेवढी बसली तरी पुढे ती बसतच राहते, तीही दोन्ही बाजूंना सारखी नव्हे. एके काळी अनेकांनी हा उपाय केला हे खरे असले, तरी तो तेव्हाही चुकीचाच होता.

आता मूळ मुद्दा. गाडी उभी असताना चाक आणखी जेवढे वर जाऊ शकते, त्या अंतरावर सस्पेन्शन काम करते, आणि स्प्रिंग आखूड करून आपण उंचीबरोबर हेच अंतर खर्च करतो. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हे अंतर निम्मे झाले, तर तोच धक्का पेलण्यासाठी स्प्रिंग चौपट कडक असावी लागते. वेढे कापल्याने ती कडक होते खरी, पण किती? कामाच्या आठ वेढ्यांपैकी एक कापला, तर कडकपणा जेमतेम १४ टक्के वाढतो. ही तफावत भरून निघत नाही, आणि मग प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा, आपटू लागतो. आपटतो म्हणून तो काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर तोच मार थेट आर्म (चाकाला चॅसिसशी जोडणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि चॅसिसवर बसतो.

यासाठी काहीही कापण्यापूर्वी मोजमाप करावे. गाडी चॅसिसखाली भक्कम घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) घ्यावी, स्प्रिंग काढावी, खालचा आर्म जॅकने हळूहळू वर न्यावा आणि चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते पाहावे. गाडी जमिनीवर असतानाच्या स्थितीपासून बंप स्टॉप टेकेपर्यंत चाकाला किती अंतर मिळते, ते लिहून ठेवावे. ते चार इंच असेल, तर स्प्रिंगमधून तीन इंच उतरवण्याचा विचार सोडून द्यावा. दीड-दोन इंच स्प्रिंगमधून घ्यावेत आणि उरलेले ड्रॉप स्पिंडलने मिळवावेत. स्पिंडल म्हणजे पुढचे चाक ज्यावर बसते तो भाग; या स्पिंडलमध्ये चाकाचा आस मूळ जागेपेक्षा वर असतो, त्यामुळे आर्मचे कोन आणि चाकाची हालचाल जवळजवळ तशीच राहून गाडी खाली येते. खर्च जास्त आहे, तरी माझा कौल यालाच आहे.

स्प्रिंग कापायचीच असेल, तर ग्राइंडरच्या चकतीने, थांबत थांबत आणि एका वेळी अर्धाच वेढा कापावा. स्प्रिंग आर्मच्या मध्याजवळ बसलेली असल्यास तिची एक इंच घट चाकापाशी जवळपास दोन इंच होते, हे विसरून अनेकांनी चांगल्या स्प्रिंगा वाया घालवल्या आहेत. दाबलेली स्प्रिंग तिला दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता सोडू नये. तिच्यात माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो. नंतर अलाइनमेंट करून घ्यावी, कारण गाडी खाली आल्यावर चाकांचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतात.

मागील बाजूचे काम तुलनेने सोपे आहे. १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरीला मागे लांबीच्या दिशेने पाटे असतात. १९४८ पर्यंतच्या गाड्यांना ते आडवे असत, त्यामुळे त्या गाड्यांसाठी सांगितलेले उपाय आपल्याला लागू पडत नाहीत. दोन इंचांचा, पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा, मधल्या पिनेत अचूक बसणारा ठोकळा चालतो. ठोकळ्यावर ठोकळा मात्र कधीही रचू नये, कारण वेग घेताना आणि ब्रेक लावताना एक्सल (मागच्या चाकांचा आस) त्यांना पिळून सरकवू पाहतो. उरलेले दोन इंच पाटेवाल्याकडून कमान उतरवून किंवा मुख्य पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळी) उलटा वळवून मिळवावेत. उलट्या डोळ्याने गाडी साधारण डोळ्याच्या व्यासाइतकी खाली येते. संचातले काही पाटे काढून टाकू नयेत, कारण उरलेल्या पाट्यांवर ताण वाढतो. चार इंच उतरल्यावर एक्सल आणि चॅसिस यांच्यातील जागा पुरली नाही, तर चॅसिसला वरच्या दिशेने खाच घेऊन ती जाड पत्र्याने मजबूत करावी लागेल. शॉकॲब्सॉर्बरही आखूड घ्यावेत, नाहीतर बंप स्टॉपच्या आधी तेच तळाला टेकून फुटतात.

एक मर्यादा पाळावी : टायर पूर्ण बसला तरी रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग, अगदी एक्सल पाट्यांना आवळणाऱ्या लांब यू-बोल्टचे टोकही, खाली लोंबता कामा नये. कॅलिफोर्नियाच्या वाहनकायद्यातील कलम २४००८ रिमची हीच रेषा बदल केलेल्या गाड्यांसाठी सीमा मानते.

प्रश्न : मागे ठोकळे घातल्यापासून ठरावीक वेगाला गाडीच्या तळातून थरथर जाणवते. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा केले.

उत्तर : दोष बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, कोनांत आहे. त्याच्या टोकांचे क्रॉस (वाकू शकणारे सांधे) वाकलेल्या स्थितीत फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच हा चढउतार एकमेकांना खोडून काढतो. आपले ठोकळे तिरपे असल्यास, किंवा एक्सलची बैठक कललेली असल्यास, ही जोडी बिघडते. गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नव्हे, गिअरबॉक्सचे टोक आणि डिफरन्शियलचे (मागच्या एक्सलमधील गिअरपेटीचे) तोंड यांचे कोन मोजावेत. त्यांत एक अंशापेक्षा जास्त फरक आढळल्यास एक्सलच्या बैठकीखाली योग्य अंशांची पाचर घालावी. शाफ्ट गाडीच्या तळाला तर घासत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

प्रश्न : पाटे काढून त्यांच्या जागी वजन पेलणाऱ्या, हवेने फुगणाऱ्या पिशव्या बसवल्या तर उंचीचा प्रश्नच मिटेल ना?

उत्तर : उभ्या गाडीपुरता मिटेल. पाटे केवळ वजन पेलत नाहीत, एक्सलला जागेवरही धरतात. ते काढल्यास एक्सलसाठी लिंक-दांडे आणि बहुतेक मांडण्यांत आडवा दांडाही बसवावा लागतो. पिशवी कोणत्याही स्थितीत धातूला घासू नये. चालवताना हवा भरून ठरलेल्या उंचीवरच गाडी हाकावी आणि हेडलाइटही त्याच उंचीवर जुळवावेत, कारण मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली असलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.