स्वीडनमध्ये घरासोबत थोडं जंगल घेतलंय. 500 सीसीची चारचाकी क्वाड बाईक आहे. ओंडके ओढायला 1500 किलोची क्रेनवाली ट्रॉली घ्यावी की साधी छोटी?

साधी छोटी. आणि तो 1500 चा आकडा आधी डोक्यातून काढून टाका.

1500 म्हणजे ट्रॉलीचा सांगाडा आणि बेअरिंगं किती पेलतील ते. तुमची क्वाड तेवढं ओढेल, आणि ओढलेलं थांबवेल, असं त्या पाटीवर कुठेही लिहिलेलं नसतं. क्वाडच्या पुस्तकात ओढायचं कमाल वजन दिलेलं असतं. 500 सीसीच्या वर्गात ते साधारण 500-600 किलोच्या घरात येतं आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं. साध्या ट्रॉलीचं वजन 150 किलो धरा, म्हणजे मालाला राहिले 450.

450 किलो म्हणजे किती लाकूड? ताजा तोडलेला स्प्रूस (इथलं सूचिपर्णी झाड) घनमीटरला 850 किलोच्या आसपास भरतो. 3 मीटर लांब, 20 सेंमी जाड ओंडका म्हणजे 80 किलो. असे पाच, सहावा टाकला की मर्यादा ओलांडली. बर्च झाडाचा तेवढाच ओंडका 85-90 किलोचा. जाडी 30 सेंमी झाली की एकच ओंडका 180 किलोवर जातो, कारण जाडी दीडपट झाली की वजन सव्वादोनपट होतं. हे लक्षात न घेता लोक बाजूच्या उभ्या खुंटांच्या टोकापर्यंत ट्रॉली भरतात आणि वर म्हणतात, गाडी आरामात ओढते की!

ओढते हो. ओढण्याचा प्रश्नच नसतो, प्रश्न उताराचा असतो. माझ्या साडूशी माझा याच मुद्द्यावर कायमचा वाद आहे, त्यामुळे हिशेब मांडूनच दाखवतो. क्वाड आणि चालवणारा मिळून 405 किलो, मागे 600. पाच मीटरला एक मीटर उतरणारी वाट घ्या. सगळं मिळून खाली ढकलणारा जोर जवळपास 197 किलोचा. ब्रेक फक्त क्वाडच्या चाकांना, आणि ओल्या शेवाळावर किंवा पानांवर त्यांची पकड वरच्या वजनाच्या तीस टक्के धरली तर 135 किलो (ट्रॉलीचा दांडा क्वाडवर टेकवतो ते 45 किलो धरून वजन 450). मऊ जमिनीत ट्रॉलीची चाकं रुततात, त्याचा 50 किलोचा अडथळा मिळवा. झाले 185. म्हणजे चाकं जाम करूनही गाडी घसरतच राहणार. आणि त्याच वाटेवर नुसती क्वाड मजेत उतरते, म्हणून माणूस गाफील राहतो. माल निम्मा केला तरी जेमतेम जमतं. दहाला एक असा उतार असेल तर भरलेली ट्रॉलीही ओल्यात धरून ठेवता येते. तेव्हा आधी आपल्या रानातला सगळ्यात वाईट उतार मोजा, मग ट्रॉली बघायला जा.

उतारावर लो गिअर, चारही चाकांना ड्राइव्ह, आणि वळण उताराच्या आधीच संपवायचं. ट्रॉली तिरकी असताना ब्रेक मारला की ती क्वाडचं बूड बाजूला ढकलते. ट्रॉलीला ब्रेक मिळत असतील तर पैसे तिथे घाला. धडक-ब्रेक, म्हणजे मागून रेटा आला की आपोआप लागणारे, असतील तर रिव्हर्स घेताना त्यांची कडी लावता येते का ते विचारा. नाहीतर मागे जाताना चाकं जाम होतात.

आता साडूची ट्रॉली. लांब, दणकट, दिसायला झकास. तिच्यावर चार मीटरचे ओले बर्च टाकलेले, बुंधे मागे, कारण ते तसे उचलायला सोपे पडले. सपाटीवर सगळं ठीक. चढाला लागल्यावर क्वाडची मागची चाकं नुसती फिरायला लागली, आणि हिचकडे, म्हणजे ट्रॉली अडकवायच्या जागेकडे, बघितलं तर तिथल्या गोळ्यावर (बॉलवर) बसणारी कपलिंग वर ओढली जात होती. खटक्याच्या खाली बोटभर फट. बैलगाडी उलाळ होते ना, तेच. यावर साडूचं निदान: टायर गुळगुळीत झालेत. नवे टायर घातले, मागची चाकं अजून फिरतायत.

मुद्दा साधा आहे. हिचच्या बॉलपासून बोगीच्या (चाकांच्या झुलत्या जोडीच्या) खिळीपर्यंत अडीच मीटर अंतर असेल आणि एकूण 600 किलो असतील, तर वजनाचा मध्य खिळीच्या 15 ते 25 सेंमी पुढे पाहिजे. मग बॉलवर 36 ते 60 किलो दाब येतो. मध्य 10 सेंमी मागे गेला तर तेच 24 किलो क्वाडला वर उचलतात. शिवाय चढावर भाराचा मध्य आपोआप मागे सरकतो. माल खिळीपासून 60 सेंमी उंच रचला असेल तर पाचास एक चढाला 12 सेंमी. म्हणून सपाटीवर बरोबर वाटणारी ट्रॉली चढावर दगा देते. बुंधे पुढे ठेवा, आणि बोगी सांगाड्यावर पुढेमागे सरकवता येईल अशीच ट्रॉली घ्या. यू-बोल्ट किंवा आरपार खिळीने बसवलेली असेल तर पाच मिनिटांचं काम. वेल्ड केलेली असेल तर तीनच मीटरचे ओंडके कापायचे, असा नियम तुमच्यावर कायमचा लादला जातो. मी तर सगळ्यात आधी तेच बघतो. एक मात्र: बॉलवर उभा दाब किती चालेल हा आकडा पुस्तकात वेगळा असतो आणि काही कंपन्या तो बराच कमी ठेवतात. तिथे पुस्तकाचं ऐका, माझं नाही.

बोगी हवीच का? हो. एका बाजूची दोन चाकं एकाच झुलत्या दांड्यावर असतात, त्यामुळे एक चाक 20 सेंमीच्या दगडावर चढलं तर त्या बाजूचा भार 10 सेंमीच उचलला जातो. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलंडसारख्या दगडधोंड्यांच्या रानात एकच आस असलेली ट्रॉली त्याच दगडावर उलटायला बघते. दुसरं म्हणजे, पुढचा दांडा स्वतःभोवती फिरणारा हवा, म्हणजे ट्रॉली आडवी झाली तरी क्वाडला सोबत घेऊन जात नाही. नुसत्या बॉलच्या भरवशावर राहू नका, तो थोडाच पिळतो आणि मग अडतो. आणि पुढची जाळी नसेल तर ती ट्रॉली फुकट दिली तरी नको. ब्रेक मारल्यावर ओंडके पुढे सरकतात आणि पुढे तुमची पाठ असते.

रुंदी क्वाडएवढी किंवा किंचित कमी. क्वाड बुंध्याला चुकवून गेली आणि ट्रॉलीचं चाक त्यालाच अडकलं, हे दिवसभर चालतं. टायर रुंद घ्या, 22×11-8 मापाचे चांगले. अरुंद टायर मुळं कापतात. स्प्रूसची मुळं उथळ असतात, जखमेतून बुरशी शिरते आणि उभं झाड आतून कुजतं. त्यामुळे जमेल तेवढी ओढणी जमीन गोठलेली असताना उरका. वाऱ्याने पाडलेला स्प्रूस मात्र उन्हाळ्यापर्यंत ठेवू नका, सालीखालचा भुंगेरा त्यातच वाढतो आणि मग उभ्या झाडांवर जातो.

आता क्रेन. क्रेन आणि तिचं पंपयुनिट धरून ट्रॉली सहज 350-400 किलोची होते. तुमच्या 600 मधून ते वजा करा. दोनशे किलो मालासाठी एवढा लवाजमा? शिवाय क्रेन उंचावर बसते, म्हणजे उलटायला आणखी सोपं.

क्रेनशिवाय जड ओंडका चढवायचा कसा, ते सांगतो. जवळच्या बाजूचे खुंट काढा. मीटरभर लांबीच्या दोन बल्ल्या ट्रॉलीला तिरक्या लावा. ट्रॉलीची उंची अर्धा मीटर असेल तर हा 30 अंशांचा उतार होतो. दोन दोर घ्या, त्यांची एकेक टोकं ट्रॉलीच्या सांगाड्याला बांधा, दोर ओंडक्याखालून घालून वरून परत ट्रॉलीपलीकडे न्या आणि ओढा. ओंडका गडगडत वर येतो. उताराने जोर निम्मा होतो, दोराच्या वेढ्याने त्याचाही निम्मा. 180 किलोच्या ओंडक्याला 45 किलोची ओढ, वर थोडं घर्षणाचं. दोघं मिळून हाताने ओढू शकता, एकट्याला हातविंच पुरते. दोन्ही दोर सारखे ओढा, नाहीतर ओंडका तिरका होऊन बल्लीवरून सुटतो. आणि उतरणीच्या बाजूला कुणालाही उभं करू नका. पाठीचं दुखणं असेल किंवा वर्षभर एकट्याने लाकूडच काढायचं असेल तर क्रेन घ्या, पण मग मोठी क्वाड किंवा छोटा ट्रॅक्टरही घ्या.

कंपन्यांचं विचाराल तर केलफ्री (स्वीडन), आयर्न बाल्टिक (एस्टोनिया), वाहवा युस्सी (फिनलंड) या तिघांची नावं इथे सगळ्यांना माहीत आहेत. नावापेक्षा वर सांगितलेल्या गोष्टी तपासा.

कायद्याचं राहिलं. 1975 च्या कायद्याने बर्फ नसलेल्या जमिनीवर रानात गाडी घालायला बंदी आहे. शेती आणि वनकामाला सूट आहे, त्यामुळे तुमचं काम बसतं. पण क्वाडची नोंदणी रस्त्यावर चालणाऱ्या वर्गात, उदाहरणार्थ ट्रॅक्टर म्हणून, नसेल तर जुजबी अपवाद सोडून सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. जंगल आणि घर यांच्यामध्ये रस्ता असेल तर हे ट्रॉलीच्या आधी बघा.

जुनी घेत असाल तर दांडा सांगाड्याला जोडलाय तिथलं वेल्डिंग रंग खरवडून बघा, तडे तिथेच जातात. बोगी हाताने वरखाली हलवा, खिळीत खडखड झाली तर बुश गेलाय. ग्रीस निपल आहेत का बघा, नसतील तर भाव पाडा. हवेचा व्हॉल्व्ह बाहेर आलेला असेल तर फांदीने उपटला जातो, त्यावर पत्र्याची आडकाठी लावून घ्या. चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.